तिसऱ्या अध्यायावरच

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डिसेंबर उजाडायला आठवडाभर उरला असेल. ख्रिस्ती घरांतून याद्या सुरूही झाल्या असतील. घराला रंग काढायचा की नुसती जळमटं काढून भागवायचं, मुलांचे कपडे शिंप्याकडे कधी टाकायचे, केकचे मनुके कधी भिजत घालायचे, करंज्या किती, चकल्या किती, शेजारीपाजारी फराळाचे डबे किती. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर गेला की शेजारचा ताऱ्यांचा खोका खाली येतो. त्यातच शाळेचं गॅदरिंग, गायनवृंदाचा सराव, शब्बाथ शाळेची नाटिका, रात्री घरोघरी कॅरल्स म्हणत फिरणं आणि पुण्याहून, बेंगळुरूहून येणारे पाहुणे. एवढं सगळं उरकून पंचवीस तारखेला सकाळी नवी साडी नेसून उपासनेला बसावं, तर पाळकसाहेबांचा उपदेश सुरू होण्याआधीच डोळे मिटायला लागतात. भक्तीने नव्हे, झोपेने.

दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "नाताळ आता पहिल्यासारखा राहिला नाही, सगळा बाजार झाला." मीही म्हणत असे. पण बाजाराला दोष देणं सोपं असतं. आमच्या घरात काही वर्षांपूर्वी जे झालं त्यात बाजाराचा काहीच दोष नव्हता. दोष आमचाच होता, आणि तोही अगदी साधा, कुणाच्याही घरी होईल असा. म्हणूनच तो आज तुम्हाला सांगावासा वाटतो.

आमचं घर एकत्र. सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ आणि मुलं. सासूबाईंचं माहेर नगरकडचं. लग्न होऊन बेळगावला येऊन त्यांना पन्नासच्या वर वर्षं झाली, बाजारात कन्नड बोलून भाव पाडून घ्यायच्या, पण प्रार्थना मात्र मराठीतच. जाऊ धारवाडची. तिचं शिक्षण कन्नडातून, आणि पवित्र शास्त्रही तिला कन्नडातूनच आपलं वाटतं. मुलं इंग्रजी शाळेत. म्हणजे जेवणाच्या एका टेबलाभोवती तीन भाषा. भाजी मागताना कुणाचं काही अडत नाही. आपल्या सीमेवरच्या घरांत एक वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात संपतं, हे या पानाच्या वाचकांना मी काय सांगायचं!

सासूबाईंची डिसेंबरची एक रीत होती. लूककृत शुभवर्तमानात बरोबर 24 अध्याय आहेत. एक तारखेला पहिला अध्याय, दोन तारखेला दुसरा, असं रोज रात्री जेवणानंतर एकेक वाचत गेलं की नाताळच्या आदल्या रात्री पुस्तक पूर्ण होतं. ही काही त्यांनी शोधलेली रीत नव्हे. जगभर कितीतरी ख्रिस्ती घरं ती पाळतात. पण आमच्या घरात ती त्यांची होती. डोळे चांगले होते तोवर त्या स्वतः वाचायच्या आणि आम्ही ऐकायचो, कधी मन लावून, तर कधी लसूण सोलत. पुढे वयाची ऐंशी ओलांडली, डोळे अधू झाले, अक्षरं लागेनाशी झाली. तेव्हा म्हणाल्या, "आता तुम्ही पाळीपाळीने वाचा. मी ऐकते."

त्या वर्षी एक तारखेला आमच्या ह्यांनी पहिला अध्याय वाचला. तो मोठा आहे, 80 वचनांचा. तरी सगळे शेवटपर्यंत बसले. दोन तारखेला माझी पाळी. दुसऱ्या अध्यायात ख्रिस्तजन्माची हकिगत. मी वाचत असताना जावेची सात वर्षांची मुलगी मधेच म्हणाली, "मोठी आई, गव्हाण म्हणजे काय?" मी सांगायच्या आधी तिची आईच म्हणाली, "गोदली." सासूबाईंनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. "गोदली, गोदली. छान आहे की! आमच्या गावी बैलांपुढे लाकडाची असायची." मग मेंढपाळ आले, तर कन्नडात ते 'कुरुबरु' निघाले. मुलीला एकदम कळलं, कारण सुगीनंतर रिकाम्या शेतात मेंढरं बसवायला येणारे कुरुबर तिने तिच्या आजोळी पाहिले होते. रात्री थंडीत घोंगडी पांघरून कळप राखणारी ती माणसं तिला माहीत होती. बेथलेहेम एका क्षणात धारवाडच्या शिवारात आलं.

अध्याय संपल्यावर तिने हिशेब केला. "आजी, बाळ तर आजच जन्मलं. मग पंचवीस तारखेपर्यंत काय वाचायचं?"

सासूबाई हसल्या. "बाळ जन्मलं की संपतं होय गं? खरं काम तर पुढंच असतं."

तीन तारखेला जावेची पाळी आली. तिने आपलं कन्नड शास्त्र उघडलं आणि तिसरा अध्याय वाचायला घेतला. बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात लोकांना पश्चात्तापाचा संदेश देतो, तो भाग. आठदहा वचनं झाली असतील, तोच माझा मुलगा म्हणाला, "काकू, अर्धं डोक्यावरून जातंय. इंग्रजीतून वाचू या ना." सासूबाई म्हणाल्या, "इंग्रजी मला कुठलं कळायला?" दीर म्हणाले, "मग मराठीतूनच चालू दे, रोज अक्का वाचतील." जाऊ काही बोलली नाही. हे दिवसभर काम करून दमलेले, वाद नको म्हणून म्हणाले, "असं करू या, ज्याने त्याने आपापल्या भाषेत, आपापल्या वेळेला वाचावं."

बोलणं वरकरणी शहाणपणाचं होतं. जावेने पुस्तक मिटलं आणि ती भांडी आवरायला उठली. घरगुती भक्ती तिथे संपली. कारण 'ज्याने त्याने' याचा अर्थ बहुतेक वेळा 'कुणीच नाही' असा होतो. चार तारखेला गॅदरिंग होतं. पाच तारखेला महिला मंडळाची बैठक. मग रंगारी आले, आठवडाभर घरातलं सामान हॉलमध्ये. मग कॅरल्स सुरू झाल्या. अधूनमधून सासूबाई विचारायच्या, "आज कुणी वाचतंय का?" आणि मी म्हणायची, "उद्या नक्की, आई." एकदाही मी 'नाही' म्हटलं नाही. हे मला नंतर फार टोचलं. 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं. 'उद्या' म्हणून मी त्यांना रोज वाट पाहायला लावलं.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही दोघी जावा करंज्यांचा शेवटचा घाणा काढत होतो. धारवाडकडे करंजीला 'कर्जिकाई' म्हणतात. दरवर्षी यावरून आमची थट्टा चालते, की करंजी आधी की कर्जिकाई आधी. त्या दिवशी थट्टा नव्हती. वीस दिवस आम्ही दोघी कामापुरतं बोलत होतो. मी वाटीत थोडं सारण घेऊन सासूबाईंकडे गेले. "आई, चाखून बघा, गोड बेताचं झालंय ना?"

त्यांनी चाखलं. म्हणाल्या, "बेताचं झालंय." मग थोडं थांबून, दूध आलं का असं विचारावं इतक्या साध्या सुरात म्हणाल्या, "आपण अजून तिसऱ्या अध्यायावरच आहोत ना गं?"

मला काही उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेत मला झोप आली नाही. शब्बाथ शाळेच्या मुलांची नाटिका झाली. त्यात नेहमीप्रमाणे उतारशाळेचा मालक होता. मोठ्या मिशा लावून तो योसेफ-मरियेला "जागा नाही, जागा नाही" म्हणून हाकलतो आणि सगळी मंडळी हसतात. गंमत म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात हा मालक कुठेच नाही. उतारशाळेत त्यांच्यासाठी जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. कन्नडात उतारशाळेला 'छत्र' हा शब्द आहे, आपल्याकडच्या धर्मशाळेसारखा. त्यांना कुणी हाकलल्याचं, कुणी उर्मटपणा केल्याचं लिहिलेलं नाही. मला वाटलं, तिथली माणसं वाईट नसतीलच. घर भरलेलं होतं, पाहुणे होते, कामं होती. आमच्यासारखीच.

आणि मग दुसरीही गोष्ट लक्षात आली. आपण म्हणतो, पहिला नाताळ किती शांत आणि आताचा किती धावपळीचा! पण तो पहिला नाताळ तरी कुठे शांत होता? ऑगस्टस कैसराच्या हुकुमाने नावनोंदणी निघालेली. माणसं आपापल्या मूळ गावाकडे निघालेली. नासरेथ ते बेथलेहेम हा रस्ता सुमारे सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा, म्हणजे बेळगावहून कोल्हापूर गाठून आणखी थोडं पुढे जाण्याइतका, आणि मरिया दिवस भरत आलेली. सरकारी काम, प्रवास, गर्दी, अपुरी जागा, हे सगळं त्या कथेतच आहे. शुभवार्ता पहिल्यांदा मिळाली तीही रिकाम्या बसलेल्या माणसांना नव्हे. ते मेंढपाळ रात्रपाळीवर होते. त्यांना कुणी "आधी कामं सोडा, मग सांगतो" असं म्हटलं नाही. निरोप कामाच्या जागीच आला, आणि तो ऐकल्यावर ते लगेच बेथलेहेमला गेले. 'उद्या' म्हणाले नाहीत.

तेव्हा धावपळ ही विश्वासाची वैरीण नव्हे. घरात कामं असणारच, सण म्हटलं की करंज्या लागणारच. प्रश्न एवढाच असतो की भरलेल्या घरात एक कोपरा आणि भरलेल्या दिवसात पंधरा मिनिटं आपण राखून ठेवली आहेत की नाही.

इथे मला मार्था आठवते. तीही लूकच्याच शुभवर्तमानात भेटते, दहाव्या अध्यायात. येशू घरी आलेला, मार्था पाहुणचारात बुडालेली, बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि मार्था तक्रार करते. या गोष्टीवर मी आजवर पुष्कळ उपदेश ऐकले. बहुतेक पुरुषांनी दिलेले, आणि उपदेशानंतर त्यांना चहा-फराळ मार्थांनीच दिलेला. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगते. येशूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. तिच्या जिवाची जी ओढाताण चालली होती, ती त्याने दाखवून दिली. घरातल्या मार्थेने चरणाशी बसावं असं वाटत असेल, तर कुणीतरी उठून कढईसमोर उभं राहायला हवं, किंवा कढई अर्धा तास उतरवून ठेवायला हवी. "आई, तू ये ना प्रार्थनेला" म्हणायचं आणि भांडी तशीच ठेवायची, याला बोलावणं म्हणत नाहीत.

आपल्या आधीच्या लोकांनाही ही अडचण होती, आणि त्यांनी त्यावर आपापल्या परीने उपाय शोधले. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? 1839 साली त्यांनी गाडीचं एक लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज आपल्या चर्चमध्ये आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती पेटते, तिचं मूळ त्या चाकात आहे. त्याच्याही सहाशे वर्षं आधी, 1223 साली, इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून लोकांना ख्रिस्तजन्म दाखवला. आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या अंगणातला गोठा त्याच परंपरेतला. केरळातले सिरियन ख्रिस्ती तर एक डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास धरतात, मांस-मासे वर्ज्य. चाक काय, गव्हाण काय, उपवास काय, तिन्हींत एकच शहाणपण आहे. 'मनात श्रद्धा आहे' एवढ्यावर भागत नाही. ती रोजच्या एखाद्या वस्तूला, वेळेला, ताटाला बांधून ठेवावी लागते, म्हणजे गर्दीत हरवत नाही.

सासूबाईंनी ती 24 अध्यायांना बांधली होती, आणि ती गाठ आमच्याकडून सुटली होती.

पंचवीस तारखेला दुपारी पाहुणे पांगल्यावर मी जावेला म्हटलं, "त्या दिवशी तुझं वाचन मोडलं ते चुकलंच आमचं." ती म्हणाली, "अक्का, मला राग वाचन थांबलं त्याचा नाही आला. माझ्या भाषेत देवाचं वचन वाचलं तर घरात अडचण होते, असं वाटलं." माझा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो आपणहून आत आला आणि म्हणाला, "सॉरी काकू. तिसरा परत वाच. मी इंग्रजीत समोर धरतो, म्हणजे कळेल."

आता नाताळ तर होऊन गेला होता. पण खरं म्हणजे होऊन गेला नव्हता. जुन्या चालीप्रमाणे नाताळचे दिवस बारा, 25 डिसेंबरला सुरू होऊन 6 जानेवारीच्या मागी राजांच्या सणापर्यंत. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कासावलीला तो सण आजही थाटात होतो. आपणच सव्वीस तारखेला तारा उतरवायची घाई करतो. धावपळ 25 च्या आधी असते, नंतर फराळाचे डबे भरलेले, कपडे शिवलेले, मुलांना सुट्टी. मग भक्तीला याहून चांगला काळ कोणता?

सव्वीस डिसेंबरला रात्री आठ वाजता आम्ही पुन्हा बसलो. तिसरा अध्याय, जाऊ, कन्नड. सासूबाईंच्या मांडीवर त्यांचं न दिसणारं मराठी शास्त्र, मुलाच्या हातात इंग्रजी. जाऊ पाच-सहा वचनं वाचून थांबायची, आणि काय वाचलं ते कुणीतरी मराठीत एका वाक्यात सांगायचं. बहुतेक वेळा ते माझा मुलगाच सांगायचा, त्याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं. अध्यायाच्या शेवटी येशूची वंशावळ येते, नावांची लांबच लांब यादी. एरवी ही यादी आम्ही गाळायचो. पण नावांना भाषांतर लागत नाही! योसेफ, दावीद, याकोब, अब्राहाम, नोहा, कुठल्याही पुस्तकात जवळजवळ तीच. तिघं तीन पुस्तकांतून एकदम वाचायला लागले, धाकटी टाळ्या वाजवू लागली. लूक ही वंशावळ मागे मागे नेत आदामापर्यंत आणि तिथून देवापर्यंत पोचवतो. सासूबाई म्हणाल्या, "बघा, सगळ्यांचं मूळ गाव शेवटी एकच."

मला त्या रात्री वाटलं, आपल्या भाषांत देवाचं वचन यावं म्हणून परक्या माणसांनी किती कष्ट घेतले! फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस 1579 साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि जवळजवळ 11 हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण मराठीत रचलं. ते 1616 साली राशोलला छापलं गेलं. फर्डिनंड किट्टेल हा जर्मन माणूस 1853 साली बासेल मिशनतर्फे आला. त्याचा कन्नड-इंग्रजी कोश 1894 चा, तो सगळ्यांना माहीत असतो. पण त्याआधी 1862 साली त्याने 'कथामाले' लिहिलं होतं, ख्रिस्ताचं चरित्र कन्नड वृत्तांत. त्यांनी आयुष्यं घालवली ती लोकांना देवाचं वचन आपल्या बोलीत ऐकता यावं म्हणून. आणि आपण, दोन्ही भाषा ज्यांना आयत्या मिळाल्या, त्या एकमेकींच्या आड येतात म्हणून पुस्तक मिटून ठेवतो! दोन भाषा ही अडचण नव्हे. एकाच घरात एक वचन दोनदा ऐकायला मिळणं, ही चैन आहे.

मग रोज बसलो. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला बोललं नाही, फक्त जिथे थांबलो तिथून पुढे. रोज एक नवा शब्द इकडून तिकडे जायचा. दहाव्या अध्यायाला मार्था आली तेव्हा दीर मुकाट्याने उठून भांडी घासायला गेले, आणि आम्ही हसून हसून बेजार झालो. पंधराव्यात उधळ्या मुलाची गोष्ट. त्यात घराबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला भाऊ मला नव्याने दिसला. दिवसभर शेतात राबून आलेला, आणि मेजवानी चालू असताना आत न शिरणारा. कामसू माणसांची ही जुनीच खोड.

चोविसावा अध्याय 16 जानेवारीला आला, कारण एकही अध्याय सोडायचा नाही असं ठरलं होतं, आणि चुकलेल्या दिवसांचे आम्ही रविवारी दोन-दोन वाचून भरून काढले होते. शेवटच्या अध्यायात पुनरुत्थान आहे. अम्माऊसच्या वाटेने दोघं जण चालले आहेत, येशू त्यांच्याबरोबर चालतो, बोलतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळ होते. ते त्याला आग्रह करून आपल्याकडे मुक्कामाला ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर मोडून देतो, आणि तेव्हा कुठे त्यांना कळतं की हा कोण. जाऊ हे कन्नडातून वाचत होती. मराठीत सांगायला कुणी तोंड उघडायच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "कळलं मला. सांगू नका." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सुरुवातीला उतारशाळेत जागा नव्हती. शेवटी यांनी ठेवून घेतलं. जेवणाच्या ताटावर ओळख पटली."

ते पुस्तक असं गव्हाणीपासून ताटापर्यंत जातं, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं तरी दिसलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात सासूबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या, दोन दिवस पडून होत्या. त्यांच्या जाण्याचं दुःख आहेच, पण एका दुःखातून आम्ही वाचलो. सव्वीस डिसेंबरला मी जर म्हटलं असतं, "आता पुढच्या वर्षी बघू," तर ते पुढचं वर्ष त्यांच्यापुरतं आलंच नसतं, आणि तिसऱ्या अध्यायावरचं ते वाक्य मला जन्मभर ऐकू येत राहिलं असतं. अजूनही ऐकू येतं, पण त्याच्यापुढचे एकवीस अध्यायही त्याच आवाजात ऐकू येतात.

आता आमच्याकडे एक डिसेंबरला रात्री आठला सगळे बसतात. करंज्या पूर्वीपेक्षा कमी होतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथे पहिला डबा जातो, आणि तो पोचवायला मुलांना पाठवत नाही, आम्ही स्वतः जाऊन थोडं बसतो. पुतणी आता मोठी झाली, ती कन्नड आणि मराठी दोन्ही वाचते, आणि कुठला शब्द अडला तर तोच शब्द घेऊन तिची आई आणि मी अर्धा तास बोलत बसतो.

वाचकहो, एक डिसेंबर जवळ आलाच आहे. तुमच्या घरी कुठलंही शास्त्र असेल, मराठी, कन्नड, इंग्रजी, कोंकणी, ते माळ्यावरून ताऱ्यांच्या खोक्याबरोबरच खाली काढा. रोजचा एक अध्याय मोठा वाटला तर अर्धा वाचा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, तुम्हाला कुठल्या भाषेत ऐकायला आवडेल. आणि कुणी "आज वाचतंय का?" असं विचारलं, तर हातातलं पीठ धुऊन या. करंज्या थांबतात. आणि एक तारीख चुकली, दहा तारीख चुकली, पंचवीससुद्धा उलटून गेली, तरी सव्वीस तारीख आहेच.

तुम्हा सर्वांना आगमनकाळाच्या शुभेच्छा. नाताळच्या शुभेच्छा अजून देत नाही. त्याला 24 अध्याय आहेत.